चिठ्ठीतून अन्न कसं गळलं

बेचाळीस किलो आणि चौतीस किलो.

पहिलं वजन पुरुषाचं, दुसरं बाईचं. दोघंही प्रौढ, दोघांनाही फुप्फुसाचा क्षयरोग. छत्तीसगडमध्ये बिलासपूरपासून वीसेक किलोमीटरवर गनियारी नावाचं गाव आहे. तिथं ‘जन स्वास्थ्य सहयोग’ या संस्थेचं ग्रामीण रुग्णालय आहे. २००४ ते २००९ या काळात तिथं नोंद झालेल्या १,६९५ क्षयरुग्णांची वजनं आणि उंच्या डॉक्टरांनी एकत्र मांडल्या. सगळ्या पुरुषांना वजनाच्या क्रमानं रांगेत उभं केलं, तर बरोबर मधल्या पुरुषाचं वजन ४२.१ किलो भरत होतं. बायकांच्या रांगेतल्या मधल्या बाईचं ३४.१ किलो.

घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण तीस किलोचा असतो. ती मधली बाई त्याहून जेमतेम चार किलोंनी जड. आणि ती मधली होती, म्हणजे निम्म्या बायका तिच्याहूनही हलक्या होत्या.

उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगायला बीएमआय वापरतात. तो १८.५ च्या खाली गेला की वजन कमी समजतात आणि १६ च्या खाली गेला की तीव्र कुपोषण. गनियारीत पुरुषांचा मधला आकडा १६.० होता, बायकांचा १५.०. पुरुषांपैकी ६७ टक्के आणि बायकांपैकी ८० टक्के १७ च्या खाली होते. ज्यांचे उपचार सुरू झाले अशा १,१७९ जणांपैकी ६० जण दगावले. जे येतानाच तीव्र कुपोषित होते, त्यांना मृत्यूचा धोका इतरांच्या दुप्पट होता. आणखी एक आकडा मला फार लागला: उपचार पूर्ण झाल्यावरही निम्म्या बायका आणि एक तृतीयांश पुरुष कुपोषितच राहिले होते. सरकारी भाषेत ते ‘बरे’ झाले होते.

मी डॉक्टर नाही. जुनी वैद्यकीय नियतकालिकं चाळायची सवय असलेला वाचक आहे. हे आकडे वाचल्यावर मला एकच प्रश्न पडला. माणूस इतका हडकलेला डोळ्यांसमोर बसलेला असताना औषधाच्या चिठ्ठीवर जेवण का नव्हतं? ते कधीच नव्हतं, की कुणीतरी काढलं? शोधत गेलो तेव्हा कळलं की अन्न एकेकाळी त्या चिठ्ठीवर सगळ्यात वर होतं. ते खाली कसं उतरलं आणि मग गळूनच कसं गेलं, याची ही गोष्ट आहे.

न दिसणारं कुपोषण

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेळघाटातलं मूल येतं. मोठे डोळे, बारीक दंड, फुगलेलं पोट. लहान मुलांचं वजन अंगणवाडीत होतं, त्याचा तक्ता असतो, त्यावर विधानसभेत प्रश्न विचारले जातात. मोठ्या माणसाचा तक्ता कुणी ठेवत नाही.

शिवाय आपल्या भाषेनं त्याची सोयही करून ठेवली आहे. अंगानं किरकोळ, काटक, सडपातळ, हाडापेरानंच बारीक. थट्टा करायची असेल तर काडीपैलवान किंवा पाप्याचं पितर. चाळीस किलोच्या मजुराला आपण ‘काटक’ म्हणतो आणि पुढे जातो. गनियारीच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांची उंचीही खुंटलेली आढळली. ही उपासमार आजारपणात सुरू झालेली नव्हती, तिची सुरुवात बालपणीच झाली होती. क्षयानं त्यावर शेवटचा घाव घातला.

नावातच झीज

या रोगाचं नाव बघा. क्षय म्हणजे झिजणं, कमी होत जाणं. चंद्राची कला कमी होते तोही क्षयच. दक्षाच्या शापानं चंद्राला राजयक्ष्मा झाला आणि तो रोज झिजू लागला, ही पुराणातली कथा अनेकांनी ऐकलेली असेल. ग्रीकांनीही या रोगाला झिजण्यावरूनच नाव दिलं होतं आणि इंग्रजीतल्या जुन्या नावाचा अर्थ होतो ‘खाऊन टाकणं’. जंतू कुणाला माहीत नव्हता तेव्हाही, माणूस डोळ्यांदेखत वाळत जातो हे सगळ्यांना दिसत होतं.

म्हणून उपायही तिथूनच निघाला. १८५० च्या दशकात हेर्मान ब्रेमर या डॉक्टरनं ग्योर्बर्सडॉर्फ या डोंगरी गावात क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम सुरू केलं. हे गाव तेव्हा प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. डोंगरावरची हवा, बेताचा व्यायाम आणि भरपूर, चांगलं अन्न हा त्याचा उपचार. पुढे युरोप-अमेरिकेत अशी आरोग्यधामं शेकड्यांनी निघाली. जेवण हा तिथल्या दिनक्रमाचा कणा होता आणि वजन वाढलं की रोग मागे हटतोय असं मानलं जाई.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू दाखवून दिला. पाच वर्षांनी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयानं गेल्या. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या होत्या, वयाची बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. रोगाचा जंतू सापडला होता, पण त्यावर औषध नव्हतं. ते यायला आणखी साठेक वर्षं लागणार होती.

तोवर आपल्याकडेही आरोग्यधामंच होती. उत्तरेत भोवाली, जिथं १९३०च्या दशकात कमला नेहरू होत्या. दक्षिणेत मदनपल्ले. आपल्या भागात पाचगणीचं बेल-एअर आणि मिरजेजवळ वानलेसवाडी. कोरडी हवा, व्हरांड्यात ओळीनं मांडलेल्या खाटा, दूध आणि अंडी. ज्याला परवडलं किंवा ज्याचा नंबर लागला, तो तिथं गेला. बाकीचे घरीच खोकत राहिले.

आरोग्यधामानं किती जण बरे झाले, याबद्दल डॉक्टरांमध्ये तेव्हाही वाद होते. पण अन्नाचा क्षयाशी संबंध आहे, हे दाखवणाऱ्या दोन गोष्टी त्याच काळात घडल्या. दोन्ही आपल्यापासून दूरच्या आहेत, पण पुढे त्यांचा धागा थेट गनियारीला येऊन मिळतो.

पहिली गोष्ट इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या पॅपवर्थची. पेंड्रिल व्हॅरियर-जोन्स या डॉक्टरनं १९१८ मध्ये तिथं क्षयरुग्णांची एक वसाहतच वसवली. रुग्ण आपल्या बायकोमुलांसह तिथं राहायचे. झेपेल तेवढं काम, त्याचा पगार, हवेशीर घर आणि पोटभर जेवण. आईवडिलांपैकी एकाला क्षय असलेल्या घरात मुलं जन्मली, वाढली. त्यांना संसर्ग झाला, पण तिथं जन्मलेल्या मुलांत प्रत्यक्ष आजार फार क्वचित दिसला. जंतू तोच होता, घरातच होता.

दुसरी गोष्ट दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीतली. ब्रिटिश आणि रशियन कैद्यांना छावणीचं सारखंच निकृष्ट अन्न मिळायचं. फरक एवढाच की ब्रिटिशांना रेडक्रॉसची पार्सलं यायची. त्यातून रोज साधारण हजार कॅलरी आणि तीस ग्रॅम प्रथिनं जादा मिळायची. रशियनांना पार्सलं येत नव्हती. तपासणीत ब्रिटिशांपैकी १.२ टक्के लोकांना क्षय निघाला. रशियनांत हेच प्रमाण १५ ते १९ टक्के होतं. लेटन या डॉक्टरनं १९४६ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापलं.

इतकं माहीत असताना अन्न बाजूला का पडलं? कारण औषध आलं. आणि मग मद्रासला एक प्रयोग झाला.

मद्रास, १९५६

१९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, पाठोपाठ पास नावाचं औषध आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड. ही औषधं एकत्र दिली की जंतू खरोखर मरत होते. स्वतंत्र भारतासमोर तेव्हा मोठा पेच होता. देशात क्षयाचे लाखो रुग्ण होते आणि आरोग्यधामांतल्या खाटा काही हजार. सगळ्यांना खाट द्यायची म्हटलं तर कित्येक पिढ्या गेल्या असत्या. मग रुग्णाला गोळ्या देऊन घरीच ठेवलं तर?

हे तपासण्यासाठी १९५६ मध्ये मद्रासला केंद्र उभं राहिलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांचं ते एकत्र काम होतं. वॉलेस फॉक्स हे त्याचे प्रमुख. शहराच्या गरीब वस्त्यांमधले १९३ रुग्ण निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एक गट आरोग्यधामात: खाट, विश्रांती, चांगलं जेवण. दुसरा गट आपल्याच दाटीवाटीच्या घरात, आपल्याच घरचं तुटपुंजं जेवण जेवत. दोघांनाही एक वर्ष तीच औषधं.

वर्षानंतरचा निकाल: आरोग्यधामातले ९२ टक्के रुग्ण बरे, घरातले ८६ टक्के. म्हणजे जवळजवळ सारखेच. आरोग्यधामातल्या रुग्णांचं वजन मात्र घरातल्यांपेक्षा जवळपास दुपटीनं वाढलं होतं. घरच्या माणसांना जादा लागण होईल ही भीतीही खोटी ठरली.

या प्रयोगाचं महत्त्व कमी लेखता येणार नाही. क्षयाचा उपचार श्रीमंतांच्या थंड हवेच्या ठिकाणांवरून गरिबाच्या खोलीत आला तो याच्यामुळे. जगभरातल्या आरोग्यधामांना हळूहळू कुलपं लागली आणि लाखो लोकांना गोळ्या मिळाल्या. भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला तो याच पायावर: रुग्ण घरी, औषध दवाखान्यातून.

पण त्याच निकालातून आणखी एक निष्कर्ष पसरला. आहार कमी असला तरी जंतू मरतात, म्हणजे आहाराला उपचारात स्थान नाही. १९६१ मध्ये याच केंद्रानं आहाराबद्दल वेगळा लेख छापला, त्यातही औषध नीट घेतलं तर निकृष्ट आहारानं बरं होणं अडत नाही, असंच म्हटलं होतं. धोरण ठरवणाऱ्यांना हे सोयीचं होतं. गोळी मोजता येते, साठवता येते, जिल्ह्याला पाठवता येते. डाळ आणि अंड्यांचं काय करायचं?

मला वाटतं, घोटाळा इथं झाला. मद्रासनं विचारलेला प्रश्न होता: कमी जेवणाऱ्या माणसाच्या थुंकीतला जंतू औषधानं मरतो का? उत्तर आलं: मरतो. ते उत्तर खरं होतं. पण पुढची पन्नास वर्षं ते उत्तर तीन वेगळ्याच प्रश्नांना जोडलं गेलं. चौतीस किलोची बाई उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत जगेल का? जगली तर पुन्हा कामाला उभी राहील का? तिच्या ताटातलंच जेवणाऱ्या मुलांना क्षय होईल का? १९३ माणसांच्या प्रयोगात मृत्यू मुळातच थोडे असतात, त्यावरून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळणं अवघड होतं. शिवाय मद्रासच्या रुग्णांच्या घरी कर्मचारी जात होते, गोळी घेतली का हे लघवी तपासून बघत होते. आदिवासी पाड्यावरच्या रुग्णाकडे असं कोण जाणार होतं?

‘सकस आहार घ्यावा’

अन्न चिठ्ठीवरून पूर्ण पुसलं गेलं असंही नाही. ते सल्ल्यात शिल्लक राहिलं.

माझ्या थोरल्या मामाला १९९४ मध्ये क्षय झाला. तो यंत्रमागावर कामाला होता. त्याचं उपचाराचं कार्ड मामीनं कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात अजून जपून ठेवलं आहे. गोळ्यांच्या तारखा नीट लिहिलेल्या आहेत, थुंकी तपासल्याच्या नोंदी आहेत. ‘वजन’ असं छापलेल्या रकान्यात काहीही नाही. आणि खाली निळ्या शाईत एक ओळ: सकस आहार घ्यावा. दूध, अंडी, डाळी, फळे.

मामी सांगते, “लिहिलं त्यांनी बरोबरच होतं. पण ह्यांचा पगार बंद, कारण कामाला जाता येत नव्हतं. मी दुसऱ्यांकडं भाकऱ्या करायला जायला लागले. अंडी आणली तर तुझा मामा म्हणायचा, पोरांना दे.”

मामीच्या या चार वाक्यांत या रोगाचं सगळं अर्थशास्त्र आलं. क्षय ज्या दिवशी माणसाला खाटेवर टाकतो, त्याच दिवशी घरातला पगार थांबतो. शरीराला जास्त अन्न हवं असतं तेव्हाच घरात कमी येतं. ताप आणि जंतूशी झुंज यांत शरीर स्वतःचे स्नायू जाळतं, भूक मरते. मग औषध लागू पडायला लागतं आणि भूक परत येते, कडकडून येते. तेव्हा घरात पातळ आमटी असते. आणि अर्धपोटी शरीराची जंतूला दाबून ठेवायची ताकद कमी होते, म्हणून त्याच घरातला दुसरा माणूस आजारी पडतो. गरिबीतून क्षय आणि क्षयातून गरिबी, असा हा रहाट फिरत राहतो. ‘सकस आहार घ्यावा’ या ओळीनं तो थांबत नाही.

मामा वाचला. त्याच्यानंतर दोन वर्षांनी त्याच घरात माझ्या मामेभावाला क्षय झाला. तोही वाचला. कार्डं आता दोन आहेत.

वजनकाटा परत आला

गनियारीच्या डॉक्टरांनी वेगळं काय केलं? त्यांनी रुग्णाला काट्यावर उभं केलं, आकडा लिहिला आणि सगळे आकडे एकत्र करून २०१३ मध्ये छापले. ऐकायला साधं वाटतं. पण तोवर क्षयाच्या चर्चेत थुंकीतला जंतू होता, औषधाला न जुमानणारा जंतू होता. रुग्णाचं शरीर त्यात फारसं नव्हतं.

तिथं काम केलेले डॉ. अनुराग भार्गव या प्रश्नाच्या मागेच लागले. गनियारीचे आकडे छापण्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅपवर्थच्या जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या. छत्तीसगडच्या जंगलपट्टीतले रुग्ण पाहणारा डॉक्टर शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या वसाहतीच्या नोंदी वाचतो, कारण त्याला हवं असलेलं उत्तर तिथं विसरलेलं पडलं होतं. हा धागा मला सापडला तेव्हा फार आनंद झाला.

पण जुन्या नोंदींवर धोरण बदलत नाही, त्याला नवा प्रयोग लागतो. तो २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत झाला. ‘राशन्स’ हे त्याचं नाव. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं यात होती. रुग्णांपैकी पाचात चाराहून अधिक जण कमी वजनाचे होते, जवळपास निम्मे तीव्र कुपोषित.

प्रयोगात सगळ्याच रुग्णांना सहा महिने दरमहा दहा किलोंची शिधापिशवी मिळाली: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल, शिवाय जीवनसत्त्वाच्या गोळ्या. दिवसाला १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं. तुलनेसाठी रुग्णांचा एक गट उपाशी ठेवायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. फरक घरच्यांत केला. निम्म्या घरांत बाकीच्या माणसांनाही शिधा मिळाला, माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ. उरलेल्या घरांत फक्त रुग्णाला.

निकाल २०२३ मध्ये आले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथं नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. थुंकीत जंतू सापडणाऱ्या, म्हणजे दुसऱ्यांना लागू शकणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचं ४८ टक्क्यांनी. हे तांदूळ आणि डाळीनं झालं. आणि रुग्णांमध्ये, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. पस्तीस किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे पावणेदोन किलो. मद्रासनं न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं सहा दशकांनी मिळाली.

तेहेतीस रुपये

सरकार यात अगदीच मागे राहिलं असं नाही. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून प्रत्येक क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला ५०० रुपये बँक खात्यात मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ म्हणून कुणीही रुग्णाला शिधा पुरवू शकतं. म्हणजे अन्न चिठ्ठीवर परत आलं आहे, हे मान्य करायला हवं.

पण हजार रुपयांचे दिवसाला तेहेतीस होतात. तुम्ही कधी घरचा किराणा आणला असेल तर तेवढ्यात किती डाळ, किती दूध आणि किती अंडी येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ही रक्कम रुग्णाची आहे, त्याच्या पोरांची नाही. पैसे खात्यात पडले तरी घरभाडं, उसनवारी आणि बसभाडं त्यांची वाट बघत असतात. तांदळाच्या पिशवीनं घरभाडं देता येत नाही, म्हणून ती बरीचशी पोटातच जाते. झारखंडचा धडा मला तरी असा दिसतो: अन्न द्यायचं तर अन्न द्यावं, घरातल्या सगळ्यांना द्यावं आणि वजन वाढतंय का ते दर महिन्याला बघावं.

शेवटचं काम सगळ्यात स्वस्त आहे. तुमच्या ओळखीत, घरात, गावात कुणी क्षयाचं किंवा कुठल्याही लांबलेल्या दुखण्याचं औषध घेत असेल, तर त्यांचा केसपेपर एकदा हातात घ्या. गोळ्यांच्या आधी वजनाचा रकाना बघा. तो रिकामा असेल तर नर्सताईंना म्हणा, जरा काट्यावर उभं करता का? मग तो आकडा लिहून घ्या आणि महिन्यानं पुन्हा जा.